सहाव्या सिलिंडरचं टॅपेट

आमच्या लँड क्रूझरला एलपीजीवर चालवणारं गॅसकिट बसवायचं का, हा विषय पहिल्यांदा बाबांनी काढला. गाडी १९९४ची, ८० सिरीज, साडेचार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. शंभर किलोमीटरला साडेसतरा लिटर पेट्रोल लागतं, आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर लो रेंजमध्ये, म्हणजे हळू पण जोर लावून चालणाऱ्या गिअरमध्ये, घातली की किलोमीटरचा हिशेब सोडून तासांचा करावा लागतो. "गॅस बसवू, नाहीतर विकून टाकू," असं ते एकदा बोलून गेले आणि मला रात्रभर झोप लागली नाही. क्लच हळू सोडायचा म्हणजे काय, हे मी याच गाडीवर शिकले. ती विकायची नाही हे माझं ठरलेलं आहे. परवडेल अशी कशी चालवायची, एवढंच ठरवायचं होतं.

सुरुवात हिशेबापासून केली. पैशात मांडलं की दर बदलला की वही कोरी करावी लागते, म्हणून मी सगळं पेट्रोलच्या लिटरमध्ये मांडलं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर एलपीजीमध्ये साधारण २५. त्यामुळे गॅसवर लिटरचा खप पाव हिश्शाने वाढतो असं धरलं, तर आमच्या गाडीला शंभर किलोमीटरला २२ लिटर गॅस लागेल. गॅसचा दर पेट्रोलच्या निम्मा असेल, तर हे २२ लिटर ११ लिटर पेट्रोलच्या किमतीत पडतात, म्हणजे शंभर किलोमीटरमागे साडेसहा लिटर वाचले. पण गाडी सुरू नेहमी पेट्रोलवरच होते. किटमधल्या रिड्यूसरला द्रव गॅसची वाफ करायला गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, लागतो, आणि तो तापेपर्यंत किट गॅसवर जात नाही. आमच्या वापरात दहावा हिस्सा पेट्रोलवर जाईल असं धरलं, तेव्हा बचत सहा लिटरच्या जरा खाली आली. किट आणि बसवणावळ मिळून खर्च १३०० लिटर पेट्रोलएवढा सांगितला गेला होता. तो भरून यायला २२ हजार किलोमीटर. आम्ही वर्षाला सात हजार चालवतो, म्हणजे तीन वर्षं आणि थोडे दिवस.

हाच हिशेब गॅसचा दर पेट्रोलच्या ६० टक्के धरून केला तर पावणेपाच वर्षांवर जातो. ८० टक्के धरला तर बचत शून्य. वहीत मी ८० या आकड्याभोवती गोल केला आहे. कुणी मला "गॅस परवडतो का" असं विचारलं तर मी आधी त्यांच्याकडचे दोन्ही दर विचारीन.

तीन वर्षं मला चालण्यासारखी होती. वही घेऊन मी आमच्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी वही बघितलीसुद्धा नाही. "किट कुठलं ते नंतर बघू, ताई. आधी टॅपेट मोजू."

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला हजारदा, दीड हजारदा त्याच्या सीटवर, म्हणजे तो जिथे टेकतो त्या कड्यावर, आपटून बंद होतो, तोही लालभडक तापलेला असताना. जुन्या काळी पेट्रोलमधलं शिसं या दोघांमध्ये पातळ थर धरायचं. बिनशिशाच्या पेट्रोलमध्ये ते गेलं. एलपीजी तर कोरडी वाफ होऊनच आत येतो, त्याच्याबरोबर काहीच येत नाही. तापलेल्या धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, उघडताना तुटतात, आणि सीट हळूहळू झिजत आत जाते. मिश्रणात गॅस कमी पडला तर हे आणखी लवकर होतं. बिडाचं हेड (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) असलेल्या खूप जुन्या इंजिनांत सीट त्या बिडातच कापलेली असते, ती मऊ. आमचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यात सीटची वेगळी रिंग ठोकून बसवलेली असते. त्यामुळे परिस्थिती बरी, पण निर्धास्त राहण्यासारखी नाही.

सीट आत गेली की व्हॉल्व्हचा दांडा वर सरकतो आणि टॅपेटची, म्हणजे दांड्याला वरून दाबणाऱ्या भागाची, फट कमी होते. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनात ती फट काही काळ आपोआप सांभाळली जाते. आमच्या इंजिनात बकेटवर, म्हणजे टॅपेटच्या वाटीवर, शिम (ठरावीक जाडीची चकती) असते, तिथे आपोआप काही होत नाही. फट शून्यावर आली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तिथून सिलिंडरमधला पेटलेला वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. सैल टॅपेट वाजतं तरी. घट्ट टॅपेट गप्प असतं. आमचं इंजिन किती शांत चालतं याचं मला आजवर कौतुक होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या शांततेची भीती वाटली.

इंजिन रात्रभर गार होऊ दिलं आणि सकाळी कव्हर काढलं. मॅन्युअलमध्ये एक्झॉस्टची फट ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर दिली आहे. बारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काका सरकवत होते आणि मी आकडे लिहीत होते. पहिल्या पाच सिलिंडरचे दहाही ०.२६ ते ०.३१ मध्ये आले. सहाव्या सिलिंडरचे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला (फायरवॉलला) लागून असलेल्याचे, दोन आले ०.२२ आणि ०.२१. काकांनी ते दोनदा मोजले. मग आम्ही दोघंही जरा वेळ बोललो नाही.

हे दोन आकडे काय सांगतात? एक तर मागे कधी चुकीच्या जाडीची शिम बसली असेल, किंवा तिथली सीट पेट्रोलवरच झिजायला लागली असेल. शेवटचं माप कुठे लिहिलेलंच नसल्यामुळे दोन्हींतलं कुठलं, ते आज कळायला मार्ग नाही. आणि दुसरं असेल, तर वर गॅस देणं म्हणजे दुखऱ्या दातावर खडा चावणं. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, थेंबथेंब व्हॉल्व्हचं तेल सोडणारी बाटली मिळते, ती काहींनी सुचवली. आधीच झिजलेल्या सीटच्या भरवशासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट निघाली. रिड्यूसरचं गरम पाणी हीटरच्या होजमधून घेतात. या इंजिनात मागच्या बाजूला, इनटेकच्या खाली, हीटरचा एक आखूड होज लपलेला आहे. हात पोहोचत नाही म्हणून तो कुणीच बदलत नाही. आमचा बोटाने दाबला तर बिस्किटासारखा कडक लागला. तो फुटला की कूलंट जातो, आणि या इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सीलबंद पट्टी, सहाव्या सिलिंडरपाशीच नाजूक आहे. किट बसवताना याच वाटेत आणखी दोन जोड आणि एक नवी पाण्याची फेरी वाढणार. कूलंट कमी झाला किंवा हवा अडकली तर रिड्यूसरवर बर्फ धरतो, आणि गॅस वाफ न होता पुढे जायला लागतो. म्हणजे गॅसचा प्रश्न फिरून पाण्याच्या होजपाशी आला.

गॅसच्या टाकीच्या जागेवरून बाबांचं आणि माझं खरं वाजलं. आमची स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. बाबांचं म्हणणं, स्टेपनी मागच्या दारापाशी वेगळ्या आर्मवर न्यावी आणि तिथे टाकी बसवावी, म्हणजे सामानाची जागा जात नाही. मी त्याला ठाम नाही म्हटलं. चढावरून उतरताना, नाल्यातून वर येताना या गाडीचं सगळ्यात आधी टेकतं ते तेच टोक. टाकी जाड पोलादाची असते, दगडाने ती फुटण्याची भीती मला नाही. भीती आहे ती तिच्या व्हॉल्व्हची आणि पुढे जाणाऱ्या नळीची. टाकी गाडीत मागच्या सीटमागे आडवी बसवली तर सामान कमी मावेल, पण व्हॉल्व्हवरचा हवाबंद डबा आणि बाहेर काढलेली हवेची नळी नीट असेल तर ती चिखलापाण्यापासून लांब राहते. प्रोपेनची वाफ हवेपेक्षा दीडपट जड असते, खाली साचते. म्हणून त्या हवेच्या नळीत मी तडजोड करणार नाही.

८० लिटरची टाकी ८० टक्केच भरते, द्रवाला फुगायला जागा लागते म्हणून. म्हणजे ६४ लिटर, तीनशेच्या आत किलोमीटर. ९५ लिटर पेट्रोलची टाकी तशीच राहणार असल्यामुळे एकूण पल्ला आठशेच्या वर जातो. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा मला याचाच मोह जास्त आहे.

किटचं फार लांबवत नाही. व्हेंचुरी किट, म्हणजे हवेच्या वाटेतच गॅस मिसळणारं, स्वस्त पडतं, पण त्यात सगळं इनटेक गॅसच्या मिश्रणाने भरलेलं असतं. एका कमकुवत प्लग वायरने बॅकफायर झाला, म्हणजे ते मिश्रण इनटेकमध्येच पेटलं, तर आमच्या एअर फ्लो मीटरमधली (आत येणारी हवा मोजणारी) झडप वाकायची. घ्यायचं तर सिक्वेन्शियलच, जे प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी गॅस सोडतं. आणि गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त विद्युतदाब लागतो, म्हणून प्लग, वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप किटच्या आधी नवी.

आता ठरलं ते असं. सहाव्या सिलिंडरला पातळ शिम बसवल्या, दोन्ही फटी ०.३० वर आणल्या. तो कडक होज बदलला. किट नाही. पाच हजार किलोमीटर पेट्रोलवरच चालवायची आणि पुन्हा गार इंजिनावर मोजायचं. फट तिथेच राहिली तर सिक्वेन्शियल किट, टाकी मागच्या सीटमागे. कमी झाली तर हेड उतरवून व्हॉल्व्हच्या नव्या कडक सीट बसवायच्या, आणि मग गॅसचा हिशेब त्या खर्चासकट पुन्हा मांडायचा. बाबांना हे लांबण लावणं वाटतं. पण परवा त्यांनीच वहीत बारा रकाने आखले आणि शेवटच्या दोघांखाली लाल रेघ मारून ठेवली. आज ओडोमीटरवर त्या मापानंतरचे ६४० किलोमीटर झाले आहेत.