पांढऱ्या भरावाची होडी

‘पंचाहत्तर टक्के काम झालंय, डेक, डोलकाठी आणि रंग तेवढा राहिलाय.’ अर्धवट होडी विकणारा प्रत्येक जण हेच सांगतो. प्रत्यक्षात शिडाच्या होडीत नुसता सांगाडा म्हणजे खर्चाच्या हिशेबाने फार तर एक तृतीयांश. शिडं, तारा, कप्प्या, सुकाणू हे पुढेच असतं. अशीच एक होडी विकत घेतलेल्या गृहस्थांनी मला ती तपासायला बोलावलं, तेही पैसे देऊन झाल्यावर.

होडी साडेपाच मीटरची. ६ मिमी प्लायवूड तांब्याच्या तारेने टाचून, सांधे इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने भरलेले. पुढचा डेक बसलेला, मागचा उघडा. बाहेरून आरशासारखी. अशा वेळी आधी आत वाकावं.

आतल्या आडव्या भिंती, म्हणजे आडभिंती, जिथे होडीच्या कुशीला, म्हणजे बाजूला, मिळतात तिथला गोलाकार भराव पांढराशुभ्र होता. अंगठ्याचं नख दाबलं तर खूण उठली. म्हणजे रेझिनमध्ये काचेच्या पोकळ गोळ्यांची हलकी पूड मिसळलेली. ती पूड बाहेरचे खड्डे भरून घासायला उत्तम, पण ताण पेलणाऱ्या सांध्यात तिचा उपयोग नाही. तिथे सिलिकाची पूड आणि लाकडाचं बारीक पीठ लागतं. तो भराव तपकिरी दिसतो आणि नखाला दाद देत नाही.

तळाच्या सांध्यावर फायबर टेपचे दोन थर होते. वरचा थर पटाशीने उचलला तर अख्खी पट्टीच निघाली. दमट हवेत इपॉक्सी सुकताना वर मेणचट साय धरते आणि तिच्यावर पुढचा थर चिकटत नाही. ती पाण्याने आणि घासणीने धुवायची, मग पॉलिश पेपर मारायचा. लोक थेट पेपर मारतात आणि साय आणखी पसरवतात.

मग पीळ, म्हणजे होडी पुढून मागे मुरडली आहे का ते. दोरीने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत मापलं तर अंतर सारखं. पीळ या मापात सापडतच नाही. पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून नजर लावली, तेव्हा सव्वा मीटर रुंदीत २० मिमीचा फरक दिसला. होडी वर्षानुवर्षं दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे आधारांवर, उभी, त्यातला एक खचलेला. त्या अवस्थेतच पुढचा डेक चिकटवल्यामुळे पीळ कायमचा पक्का झाला.

पीळ तसाच ठेवून डोलकाठी ओळंब्यात उभी केली असती तरी होडी चालली असती. पण डोलकाठीच्या बाजूच्या तारा ज्या आडभिंतीला येतात, तिचा पांढरा भराव नेमका बंद डेकखाली होता. डेक कापायला सांगितलं. मालक गप्प झाले, मग म्हणाले, ‘तुम्हीच कापा, मी बाहेर थांबतो.’

कापल्यावर हीट गन आणि खरवडणीने सगळा भराव काढला. आच बेताची ठेवली, नाहीतर प्लायचे थर सुटतात. सांधे मोकळे होताच होडी ढिली पडली. तीन आधारांवर घेऊन पाचरी मारत पट्ट्या समांतर केल्या. मग लाकडाला आधी पातळ इपॉक्सी पाजली, वर पळीवरून न ओघळण्याइतका घट्ट भराव २० मिमी त्रिज्येच्या फळीने ओढला आणि तो ओला असतानाच ७५ मिमीची टेप बसवली. दाणे धरलेलं जुनं रेझिन गरम पाण्यात डबा ठेवून मोकळं झालं, तेवढं मालकांचं वाचलं.

डोक्यातून जात नाही तो कापलेला डेक. त्यात दोन प्लाय एकास आठ उताराने, म्हणजे ४८ मिमी तिरके तासून जोडले होते, सांध्याची रेघ केसाएवढी. मी तो तुकडा गुडघ्यावर घेऊन मोडून पाहिला. बाजूचा प्लाय फुटला, सांधा नाही. असा सांधा घालणाऱ्याला कुठे काय मिसळायचं हे ठाऊक असणारच. मग आतल्या सांध्यांत ती पूड का? सिलिका संपली म्हणून, की पांढरा भराव पटकन घासला जाऊन गुळगुळीत दिसतो म्हणून? डेकमध्ये हात जाईल एवढी ३०० मिमीची खिडकी पाडून भराव खरवडता आला असता का, हेही मी अजून मापून पाहतो. खिडकीतून पीळ मात्र निघाला नसता.