कोटोपाक्सी 1:50,000 : शंकू उभा राहिला, आता घळी

इक्वेडोरमधल्या कोटोपाक्सी ज्वालामुखीच्या प्रतिकृतीचे सगळे थर चिकटवून झाले. 3,800 मीटरच्या समोच्चरेषेपासून दर 100 मीटरला एक पुठ्ठा. या प्रमाणात 100 मीटर म्हणजे बरोबर 2 मिलिमीटर, आणि ग्रे बोर्ड तेवढ्याच जाडीचा मिळतो, त्यामुळे उंची फुगवून दाखवावी लागली नाही. 5,897 मीटरचा पर्वत पायथ्यापासून जेमतेम चार सेंटिमीटर वर आलाय, पण उतार अस्सल आहे.

एवढा रेखीव शंकू वयाने मात्र अगदी लहान. सुमारे 4,500 वर्षांपूर्वी इथे रायोलाइटी (सिलिका भरपूर असलेल्या, अतिशय घट्ट लाव्हाचा) उद्रेक झाला, ईशान्येकडची बाजू ढासळली आणि सुमारे 3.8 घन किलोमीटर चिखल चियोस खोऱ्यातून थेट प्रशांत महासागरापर्यंत गेला. आजचा शंकू बहुतेक त्यानंतरचा. आपल्याकडचा बेसाल्ट लाव्हा पातळ होता, दूरवर पसरला, म्हणून सह्याद्रीला पायऱ्या आल्या. इथला अँडेसाइट लाव्हा घट्ट, तो सहसा उतारावरच थिजतो आणि त्यावर राख साचत जाते. दक्षिण उतारावरचं मोरुर्को शिखर जुन्या ज्वालामुखीचा अवशेष आहे, त्याला वेगळा तपकिरी रंग दिलाय.

आता खरं काम घळींचं. पुठ्ठ्यांच्या पायऱ्या पुट्टीने भरताना घळी बुजल्या तर कोटोपाक्सी दाखवलाच नाही असं होईल. प्रत्येक थराच्या कडेला समोच्चरेषा जिथे आत वळते, तिथे बारीक पात्याने व्ही आकाराची खाच घेतलीय आणि पुट्टी फक्त दोन खाचांमधल्या सोंडांवर लावतोय. कारण 26 जून 1877 ला जे घडलं ते या खाचांतूनच. विवराच्या कडेवरून दूध उतू जावं तसे राखेचे तप्त लोट चहूबाजूंनी उतरले, त्यांनी हिमनद्यांचा पृष्ठभाग वितळवला आणि त्या पाण्याने वाटेतली राख-दगड उचलून लाहार, म्हणजे ज्वालामुखीच्या चिखलाचे लोंढे, वाहू लागले. कुतुची नदीवाटे त्यांनी लाताकुंगा शहर तासाभरात गाठलं. उत्तरेकडचा लोंढा पिता, ग्वायाबांबा आणि एस्मेराल्दास नद्यांतून सुमारे 18 तासांत प्रशांत महासागराला मिळाला. कुतुचीचं पाणी मात्र पुढे पास्तासातून ॲमेझॉनकडे जातं. एकाच डोंगराचा चिखल दोन महासागरांच्या वाटेला लागतो, हे मला या ज्वालामुखीचं सगळ्यात विलक्षण वैशिष्ट्य वाटतं.

लाताकुंगा सुमारे 34 किलोमीटरवर, म्हणजे शिखरापासून 68 सेंटिमीटर. मूळ फळीवर ते बसत नाही, म्हणून नैर्ऋत्येला कुतुचीपुरती अरुंद पट्टी जोडतोय. तिथे राहणारी माणसं दिसली नाहीत तर लाहार नुसता तपकिरी रंगच राहील.

हिमाच्छादन आजचंच रंगवणार. 1970च्या दशकापासून बर्फ जवळपास निम्म्यावर आलाय, पण लाहारांना पुरेल एवढा आहे. ऑगस्ट 2015 मध्ये राख उडाली तेव्हा कितोच्या भूभौतिकी संस्थेची नजर या घळींवरच होती. शिखराखालचा ‘यानासाचा’ नावाचा काळा कडा उघडाच ठेवायचाय, तिथे पांढरा रंग लागू द्यायचा नाही. पुट्टीवर ॲक्रिलिकचा पातळ हात देताना घळींच्या कडा पुसट न होण्यासाठी तुम्ही काय वापरता ते कळवा. रंगाचा पुढचा थर त्यानंतरच चढवेन.