नेविम

चेक भाषा शिकायचं अ‍ॅप घेतलं होतं, त्यात सगळ्यात आधी तोंडात बसलेला शब्द म्हणजे 'नेविम', मला माहीत नाही. परीक्षेत पण हाच कामाला आला असता. पण हा 'विम' कुठून आला म्हणून शोधत बसले आणि रात्रीचे दोन वाजले.

मूळ क्रियापद वेदेती, म्हणजे माहीत असणं. प्रोटो-स्लाविक, म्हणजे चेक, रशियन वगैरे भाषांच्या आईच्या भाषेतलं, म्हणून त्याच्या आधी चांदणी काढतात, कारण ते लिहिलेलं कुणालाच सापडलेलं नाही, नंतरच्या भाषा शेजारी शेजारी ठेवून अंदाजाने बांधलंय. जुन्या चर्च स्लावॉनिकमध्ये, म्हणजे याच घरातल्या सगळ्यात आधी लिहिल्या गेलेल्या भाषेत मात्र 'वेदे' म्हणजे 'मी जाणतो' हे चक्क लिहिलेलं मिळतं. आणि संस्कृतात 'मी जाणतो' काय? 'वेद'. अहो तोच! मूळ धातूचा अर्थ तर नुसता पाहणं, म्हणजे पाहिलंय म्हणून माहितेय, इतकं साधं.

पुढे या धातूच्या मुलांचे रस्ते वेगळे झाले. चेकमध्ये 'वेदा' म्हणजे विज्ञान. रशियनमध्ये 'वेद्मा' म्हणजे चेटकीण, कारण तिला जरा जास्तच माहीत असतं! जास्त माहीत असलेल्या बाईचं कौतुक तिकडेही बेताचंच दिसतंय. आपण मात्र वेद देव्हाऱ्यात ठेवला आणि रोजच्या बोलण्यात 'माहीत नाही'वर भागवलं, तिकडे ट्राममध्ये सुद्धा लोक तोच धातू वापरतात.

बरं, अस्वलाला रशियनमध्ये 'मेद्वेद' म्हणतात, तेव्हा मला वाटलं मध जाणणारा, किती गोड! तर नाही, तो मध खाणारा, त्यातला 'एद' हा आपल्या 'अद्' धातूचा भाऊ. अस्वलाचं खरं नाव घेतलं तर ते येईल या भीतीने असं आडून म्हणायचे, असं भाषावाले सांगतात. मला लगेच पटलं, आमची आजी रात्री सापाला 'जनावर' म्हणायची.

रशियात आता रोजचं जाणणं 'ज़्नात्' या दुसऱ्या क्रियापदाकडे गेलंय, ते आपल्या जाणणेचं सख्खं. वेदेती उरलंय ते 'बोग वेस्त'सारख्या जुन्या वाक्प्रचारात, पण 'बोग ज़्नायेत' पण म्हणतात. दोन्हीचा अर्थ एकच, देव जाणे.