म्हशीच्या प्लेटवर दुसरं कडं नव्हतं

आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये सर्जरीच्या ओपीडीतून पू आला, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी झालेल्या गळवाचा. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात रेसिडेंटने 'मजूर' लिहून टाकलेलं. हा रकाना कुणी नीट भरत नाही, आणि आमचं अर्धं निदान तिथेच अडकतं. ड्रेसिंगच्या रांगेत जाऊन विचारलं तेव्हा कळलं, मामा मूळचे जुन्नरकडचे, तीस वर्षं गोरेगावच्या एका तबेल्यात धारा काढतात. दिवसातून दोनदा, वीस-बावीस म्हशी, अंगठा दुमडून. त्यातल्या एकीला दगडी, म्हणजे कासेचा संसर्ग, झाली होती. कास घट्ट, दुधात गुठळ्या.

मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले. म्हशीनं मामांना दिलं.

एक मैत्रीण जनावरांची डॉक्टर आहे. परळला माणसांची आणि जनावरांची मोठी रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण या दोन जातींचे डॉक्टर एकमेकांना फोन करतात ते बहुतेक लग्नाच्या आमंत्रणापुरते. तिनं नमुने मात्र अगदी शिस्तीत आणले. सड स्पिरिटनं पुसून, पहिल्या धारा सोडून, नळी आडवी धरून, प्रत्येक सडाची नळी वेगळी. दगडीवालीच्या चार नळ्या, आणि शेजारच्या खुंट्यावरच्या वरकरणी धडधाकट म्हशीच्याही चार.

आता प्लेटबद्दल. शहरातल्या कितीतरी लॅबमध्ये ब्लड अगार, म्हणजे जंतू वाढवायचं रक्त घातलेलं माध्यम, ब्लड बँकेच्या मुदत संपलेल्या रक्ताचं बनतं, कारण ते फुकट मिळतं. मेंढीचं रक्त हवं म्हणून मी तीन वर्षं अर्ज करतेय. दर वेळी उत्तर एकच, 'फरक काय पडतो?' फरक असा पडतो. पुवात आणि दुधात वाढला तो जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस. जनावरांतल्या त्याच्या वाणांत बहुधा बीटा हिमोलायसिन, म्हणजे तांबड्या पेशी फोडणारं विष, शाबूत असतं. ते मेंढीच्या तांबड्या पेशींवर चालतं, माणसाच्या पेशींवर फारसं नाही. मेंढीच्या रक्ताची प्लेट रात्रभर 37 अंशांना ठेवली की वसाहतीभोवती आतलं स्वच्छ कडं आणि बाहेर एक धुरकट कडं दिसतं. मग ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी बाहेरचं कडंही काचेसारखं निवळलेलं असतं. माणसांतल्या बहुतेक वाणांत हे होत नाही, कारण जंतूलाच लागणारा एक विषाणू, फेज, नेमका या विषाच्या जनुकात घुसून बसलेला असतो. येताना तो माणसाच्या प्रतिकारशक्तीला गुंगारा देणारी जनुकंही घेऊन येतो. म्हणजे एका फ्रिजमधल्या रात्रीत जंतूचं माहेर कळू शकतं. त्या प्लेट मी स्वतःच्या पैशानं मागवल्या, हेही इथे नोंदवून ठेवते.

साडेआठला फ्रिज उघडला. खांद्यावरची डब्याची पिशवी तशीच होती. शेजारच्या म्हशीच्या एका सडातून वाढलेल्या वसाहतींभोवती दुहेरी कडं, इतकं सुबक की विद्यार्थ्यांना बोलावून दाखवलं. मामांच्या पुवाच्या प्लेटवर बाहेरचं कडं नाही. आणि दगडीवालीच्या प्लेटवरही नाही.

लेबलं उलटीसुलटी लागली असं वाटून मी सगळं पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग पीसीआर केलं. फेजसोबत येणारं एससीएन जनुक मामांच्या गळवात सापडलं, त्यांच्या नाकात सापडलं आणि म्हशीच्या दुधातही सापडलं. स्पा टायपिंग, म्हणजे एका जनुकावरून वाण ओळखायची चाचणी, तीही तिन्हींची एकच, पण तेवढ्यावर मी शपथ घेणार नाही. पुढे एका प्रकल्पाच्या कृपेनं पूर्ण जनुकक्रम मिळाला. सुमारे 28 लाख अक्षरांत मोजकाच फरक. शेजारच्या म्हशीचा वाण मात्र पार वेगळ्या घराण्यातला.

म्हणजे बहुधा मामांनीच म्हशीला दिलं होतं. असं होतंच नाही असं नाही. कोंबड्यांत पसरलेला या जंतूचा एक वंश मूळ माणसाकडून गेला, हे एडिंबरोच्या संशोधकांनी 2009 मध्येच दाखवलंय. तरी आपण चौकशी नेहमी गोठ्यापासून सुरू करतो. मीही तेच केलं.

मधल्या काळात तबेल्याच्या शेठचा फोन आला. "मॅडम, काढून टाकू ना ती म्हैस?" खरं ते सगळं सांगितलं असतं, तर तबेल्यातून म्हशीऐवजी मामा निघाले असते. मी म्हटलं, "दोघांतला जंतू एकच आहे. म्हैस विकून काही होणार नाही. धारेआधी साबण-पाणी द्या सगळ्यांना, आणि दगडीवालीची धार शेवटी काढायला सांगा." यात खोटं काही नव्हतं. आमच्या नोंदवहीत 'संसर्गाचा स्रोत' असा रकाना आहे. तो मी कोराच सोडलाय. रकाना न भरण्यावरून रेसिडेंटला बोलायचा माझा अधिकार तेव्हापासून गेलाच.

गळू पुन्हा आलं तेव्हा मामाही पुन्हा आले. त्यांना मात्र सांगितलं. ते बराच वेळ हाताकडे बघत राहिले.

"मी दिलं होय तिला?"

"नाकात असतो हा जंतू, मामा. दर चार-पाच माणसांत एकाच्या असतो. दोष नाही तुमचा."

"डास लई असतात पहाटे. नाकातोंडाला हात जातो." मग म्हणाले, "मागचा डावा सड आटला तिचा. आता तीन सडांचीच."

"शेठना मी नाही सांगितलंय."

त्यांनी मान हलवली. नाकात लावायच्या मलमाची ट्यूब उलटसुलट करून पाहिली, आणि धारेआधी लावायचं की नंतर, तेवढं विचारून घेतलं.