निळा ठिपका

जीवाश्मांचं काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातोडा, ऊन आणि मांडीएवढं हाड येतं. माझ्या वाट्याला येतात मातीची पोती. माती भिजवायची, चाळणीतून धुवायची, वाळवायची आणि उरलेली वाळू चिमूटचिमूट सूक्ष्मदर्शकाखाली पसरून ओल्या कुंचल्याच्या टोकाने कण न् कण बाजूला सारायचा. चिमट्याला हात लावायचा नाही. मिलिमीटरभराचा दात त्यातून उडाला की फरशीवर रांगत बसा.

त्या दिवशीची माती मध्य प्रदेशातल्या शहडोल जिल्ह्यातली, टिकीच्या थरांतली. हा ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातला नद्यांचा गाळ, वीसेक कोटी वर्षांहून जुना. त्या गोड्या पाण्यात शार्क होते. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो बहुतेक वेळा कुजून जातो. मागे उरतात दात.

दुपारी तो दिसला. शिंगांसारखी फाकलेली दोन टोकं, मध्ये इवलंसं तिसरं, मुळावर बटणासारखा उंचवटा. झेनाकँथ, त्या प्राचीन शार्कांपैकी एक! एरवी यांचं एखादं तरी टोक मोडलेलं असतं, हा मात्र अख्खा. खुशीत कुंचल्याने उलटा केला, तर मुळाच्या छिद्रात निळा ठिपका.

निळं दिसलं की पोटात गोळा येतो. एक माती धुऊन झाली की चाळणी घासून मिथिलीन ब्लूमध्ये बुडवायची, हा नियम. जाळीत काही अडकलंच असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या मातीत सापडलं तर उपरं म्हणून ओळखू येतं. म्हणजे हा दात आजच्या पोत्यातला नव्हता.

मग कुठला? नोंदवही काढली. त्या चाळणीतून आधी टिकीच्याच दुसऱ्या थराची माती गेली होती आणि त्याआधी तेलंगणातल्या मलेरीच्या थरांची. मलेरीतले झेनाकँथ तर १९८० पासून माहीत आहेत. २०१८ साली नाव मिळालेल्या टिकिओडॉन्टस या झेनाकँथसारखा वाकडा असता तर निदान टिकीकडे बोट दाखवता आलं असतं. हा सरळ, मूरिओडॉन्टस या दुसऱ्या झेनाकँथच्या वळणाचा, आणि तो दोन्हीकडे मिळतो. ‘चाळणी घासली’ या रकान्यात दोन्ही वेळा सही माझीच.

शेजारच्या टेबलावरून सल्ला आला, "अरे, पुसून टाक ना ते निळं. कोण बघतंय?" चेष्टेत म्हणाला असेल. पण या माणसाच्या डब्यांतले दात नेहमीच इतके स्वच्छ कसे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

टिकीचाच एक दात २००५ साली सस्तन प्राण्यांच्या एका अतिप्राचीन नातेवाइकाचा म्हणून गाजला. टिकिथेरियम त्याचं नाव. २०२४ मध्ये फेरतपासणी करणाऱ्यांनी तो कोट्यवधी वर्षांनी अलीकडच्या चिचुंद्रीचा असल्याचं मांडलं. एका दातावर इमला उभा केला की असं होतं. माझा दात शार्कचाच आहे, यात शंका नाही. पण थर माहीत नसलेला दात म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

डबीवर ‘ठिकाण?’ एवढंच लिहून तो कपाटात ठेवलाय. सरांना अजून दाखवला नाही. काल तीच चाळणी खिडकीशी उजेडात धरली, तर कडेच्या जाळीत आणखी एक निळा कण अडकलेला. अजून काढलेला नाही.