तुम्ही विचारलंत म्हणून: हे साप माझ्याकडे का आहेत

‘हे साप त्यांच्या रानात असायला हवेत, तुमच्याकडे पेटीत कशाला?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर तोंडपाठ झालं होतं. नंतर ते उत्तर मी द्यायचं बंद केलं. आता जे देते तेही मला पुरतं पटत नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

विष, भीती आणि कायदा हे विषय बाजूला ठेवते. माझ्याकडचे साप रॅट स्नेक, म्हणजे उंदरांवर जगणाऱ्या गटातले. ते बिनविषारी आहेत आणि जिथे पाळायला परवानगी नाही तिथे पाळू नयेत. यात वादाला जागाच नाही.

माझ्याकडे आशियातल्या थंड, डोंगराळ जंगलातल्या जाती आहेत. मँडरिन, बांबू रॅट स्नेक आणि नाकाच्या टोकावर खवल्यांचं शिंग असलेला ऱ्हायनोसेरॉस. यातला एकही हातात घेऊन मिरवायचा साप नाही. मँडरिन तर रानात उंदरांच्या बिळांत राहतो, तिथली नुकती जन्मलेली पिल्लं खातो आणि क्वचितच उघड्यावर येतो. माझ्याकडे साप बघायला येणाऱ्यांना बहुतेकदा सालपटांचा थर आणि पाण्याचं भांडं एवढंच दिसतं. ‘मग उपयोग काय?’ असंही विचारतात. उपयोग काही नाही. राखाडी अंगावर काळे ठिपके, प्रत्येकाच्या मधोमध पिवळा डाग, आणि एवढी नक्षी घेऊन हा प्राणी जमिनीखाली अंधारात जगतो. तो तसा का आहे, याचा विचार मी रोज करते आणि मला कंटाळा येत नाही.

दुसरे लोक सापांना ऊब द्यायला धडपडतात, मी गारवा टिकवायला. मँडरिन २० ते २४ अंशांत रमतो. पारा सतत तिशीकडे राहिला की आधी खाणं सोडतो, मग जीव. हिवाळ्यात दोन-तीन महिने १० ते १२ अंशांवर ठेवलं नाही तर वसंतात बहुतेक जोड्या जमत नाहीत. जमल्याच तर मादी चार-सहा अंडी घालते.

आता माझं जुनं उत्तर. मी म्हणायचे, ‘रानात यांना खाण्यासाठी, कातड्यासाठी, औषधांसाठी पकडतात. त्यांची जंगलंही तुटताहेत. आम्ही पैदास करतो म्हणून जात टिकेल.’ पहिला भाग खरा आहे. दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या चुनखडीच्या डोंगरांतला मोलेनडॉर्फ रॅट स्नेक अशाच धरपकडीने विरळ झालाय. पण ‘म्हणून जात टिकेल’ हे मी एका मादीनंतर म्हणायचं थांबवलं.

ती मँडरिन मादी माझ्याकडे आली तेव्हा सोबतच्या कागदावर तिची पैदास बंदिस्तच असल्याचं लिहिलं होतं. विकणाऱ्याने तोंडीही तेच सांगितलं. मी तिला पिशवीतून हातावर घेतलं आणि बोटाला पोटाच्या कडेला काहीतरी खडबडीत लागलं. भिंगाखाली पाहिलं तर खवल्यांच्या फटीत घट्ट रुतलेले गोचीड. मानेमागे जुन्या, भरून आलेल्या चाव्याचा व्रण होता, बहुधा उंदराचा. शेपटीचं टोक नव्हतं. दोन्ही बाजूंची कातडी लांबट घड्यांत ओघळली होती. पाण्यावाचून राहिलेल्या सापाची होते तशी. पेटीत जन्मलेल्या सापाच्या अंगावर यातलं एखादं दिसू शकतं, सगळं एकदम दिसत नाही.

पाण्याच्या भांड्यात ती गेली ती बाहेर येईना. डोकं तेवढं काठावर ठेवायची. मी तिला इतर सापांपासून लांबच्या खोलीत ठेवलं, तिची भांडी आणि चिमटे वेगळे केले, गोचीड काढले, विष्ठा तपासायला दिली. जंतांनी आतडी भरली होती. पण इतक्या खचलेल्या सापाला जंतांचं औषध लगेच देता येत नाही. मेलेले जंतच त्याला पेलत नाहीत. आधी पाणी, मग ताकद, मग औषध. तो क्रम पाळत असतानाच एका सकाळी ओल्या शेवाळाच्या डब्यात चार अंडी दिसली, आणि त्यांच्याभोवती ती.

माझ्याकडे तिची कुठल्याच नराशी गाठ पडली नव्हती. म्हणजे ती आणली तेव्हाच पोटुशी होती. तिला त्या अवस्थेत बिळातून काढून माझ्यापर्यंत पोहोचवलं होतं.

अंडी एकमेकांना चिकटायच्या आत सुटी केली. प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक फुली मारली. सापाचं अंडं पक्ष्याच्या अंड्यासारखं फिरवायचं नसतं. गर्भ कवचाला आतून धरतो, नंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो. व्हर्मिक्युलाइट या ओल धरणाऱ्या खनिजाच्या ओलसर भुग्यामध्ये अर्धी पुरून ती २५ अंशांवर ठेवली. एक बुरशीने गेलं. एक खपाटीला गेलं. मादी त्याच्याही आधी गेली. शवविच्छेदनात मूत्रपिंडं निकामी झालेली निघाली. डॉक्टर म्हणाले, हे नुकसान माझ्याकडे येण्याच्या बरंच आधीचं आहे. त्याने मला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं.

दोन अंड्यांना आतून चिरा पडल्या. पिल्लं नाक बाहेर काढून बसली, बलक शोषून होईपर्यंत हलली नाहीत, मग निघाली. पहिली कात टाकल्यावर त्यांनी खायला नकार दिला. उंदराच्या बिळातली माती चोळलेलं पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, अंधाऱ्या डबीत ठेवलं, तेव्हा एकाने रात्रीत घेतलं. दुसऱ्याने बऱ्याच नकारांनंतर. ती दोघं आज धडधाकट आहेत. नर आणि मादी. माझ्याकडच्या पुढच्या पिल्लांची आई ही मादीच, आणि बाप दुसऱ्या पाळणाऱ्याकडच्या वंशातला.

आता सांगा, ही पिल्लं कुठली? साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांत ‘बंदिस्त जन्मलेला’ आणि ‘बंदिस्त पैदास झालेला’ असा फरक केलाय. दुसऱ्या वर्गात बसायला आईबापांचं मीलनही तिथेच व्हावं लागतं. माझी ती दोन त्यात बसत नाहीत. पण पोटुशी मादी पकडायची, अंडी उबवायची आणि पिल्लं फार्मवरची म्हणून विकायची, हा रस्ता कितीतरी जण वापरतात. मी जाणूनबुजून त्या रस्त्यावर गेले नाही. पण माझ्या सापांचा एक धागा त्याच रस्त्याने आलाय. पिल्लू देताना मी हे कागदावर लिहून देते. काही जण तेवढ्यावरून नकार देतात. त्यांचा मला राग येत नाही, वाईट मात्र वाटतं. कारण कागद कोरा ठेवणाऱ्याकडून ते बिनदिक्कत घेतात.

‘मग सोडून द्या ना रानात,’ हे पुढचं वाक्य. नाही देणार. पेटीतला साप कुठले जंतू घेऊन जाईल ते सांगता येत नाही, कुठल्या डोंगरावरचा वंश कुठे मिसळेल तेही नाही. जपानमधल्या ओकिनावात तैवानचा ब्यूटी स्नेक माणसांमुळे पोहोचला आणि तिथे उपरा म्हणून पसरलाय. तो याच कुळातला रॅट स्नेक आहे. सोडण्यात दया दिसते, पण तिची किंमत सोडणारा मोजत नाही.

म्हणजे मी जात वाचवत नाही. रानात सोडण्याच्या योजनेसाठी लागतात त्या वंशावळी, चाचण्या, तिथल्या लोकांचं काम, यातलं काहीच माझ्या खोलीत होत नाही. होतं ते इतकंच की ज्याला मँडरिन पाळायचाच आहे त्याला खाणारं, निरोगी पिल्लू मिळतं, आणि त्यापुरती बिळातून काढलेल्या मादीची गरज उरत नाही. हे थोडं आहे, पण खोटं नाही. तरी जुनी मी मध्येच विचारते: तुझी सुंदर पिल्लं बघून किती जणांना हा साप हवासा वाटला, आणि तुझ्याकडे नव्हता म्हणून त्यांनी तो कुठून घेतला? याला माझ्याकडे उत्तर नाही.

सध्याचा पेच वेगळा आहे. माझ्याकडचे आणि ओळखीतल्या पाळणाऱ्यांकडचे मँडरिन एकमेकांचे फार जवळचे नातेवाईक झालेत. अंडी वांझ निघू लागलीत. नवं रक्त हवं. एक नर मिळतोय, तंदुरुस्त, आणि देणारा लपवत नाही की तो रानातला आहे. साप आधीच पकडलाय, मी नाही घेतला तर दुसरा कुणीतरी घेईल, कदाचित त्याला गारवा द्यायचा असतो हेही त्या माणसाला ठाऊक नसेल. पण मी घेतला तर पुढचा नर पकडायला कारण मिळेल. मी देणाऱ्याला अजून काही कळवलेलं नाही. तो थांबायला तयार आहे, पण फार दिवस नाही.