आमच्या देव्हाऱ्यातला अमोनाइट

हल्ली सगळेच युनिव्हर्सशी बोलतात. सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक तरी फॉरवर्ड असतो, युनिव्हर्सला तुमची इच्छा स्पष्ट सांगा, ते ऐकत असतं, मनापासून मागितलं की मिळतंच वगैरे. असेलही. पण १३८० कोटी वर्षं वय असलेलं विश्व कोणाच्या तरी होम लोनच्या मंजुरीसाठी कान टवकारून बसलंय हे मला काही पटत नाही बुवा.

मला स्वतःला विश्वाशी काही नातं वाटतं ते सकाळी पूजेच्या वेळी, तेही काही न मागता. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक शाळिग्राम आहे, लिंबाएवढा, काळाकुळकुळीत, एका बाजूने टवका उडालेला. मूर्ती भंगली तर विसर्जन करतात, पण शाळिग्राम भंगला तरी पूजेत चालतो, आणि खरं तर त्या टवक्यामुळेच आतलं चक्र नीट दिसतं. पूर्वी बायकांनी त्याला हात लावायचा नाही असा नियम होता, बऱ्याच घरांत अजून आहे. आमच्याकडे सासऱ्यांचे गुडघे गेले आणि नवऱ्याचा ऑफिसचा कॉल साडेसातला सुरू होतो, म्हणून पूजा माझ्याकडे आली, क्रांती वगैरे काही नाही. सासूबाई आधी नुसत्या दारात उभ्या राहून बघायच्या, आता तुळशीचं पान धुऊन हातात देतात.

तर ते चक्र. ओल्या अंगठ्याने चाचपलं की एकेक कंगोरा लागतो, बाहेर जाड आणि आत जात जात इतका बारीक होतो की नखालाच कळतो. हे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा शंख. शाळिग्राम येतात नेपाळातल्या काली गंडकी नदीतून, वर मुक्तिनाथच्या बाजूने, तिथली उंची साडेतीन हजार मीटरच्याही वर आणि समुद्र कुठच्या कुठे. पण साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. प्राणी मेला, तळाच्या चिखलात रुतला, चिखलाचा दगड झाला, मग भारताचा भूखंड जाऊन आशियाला धडकला आणि तो समुद्रतळच हिमालय होऊन वर आला, आणि नदीने तो कोरून कोरून गोटे खाली आणले. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा झालाय तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे सिंहगडाचा अख्खा डोंगर व्हायचा होता तेव्हा हा पोहून, मरून, दगड होऊन कधीचाच मोकळा झाला होता. त्याला कोणाचा हात लागला याने काय फरक पडणार, असं मला तरी वाटतं.

आणि या प्राण्याची राहायची पद्धत फार गमतीची. तो शंखाच्या फक्त शेवटच्या, सगळ्यात बाहेरच्या खोलीत राहायचा. अंग वाढलं की पुढे नवी खोली आणि मागची भिंत घालून बंद, वन आरके सोडून वन बीएचके घ्यावा तसं, फक्त जुनी जागा विकायची नाही, पाठीवर घेऊनच फिरायचं. त्या रिकाम्या खोल्यांत वायू असायचा आणि त्याच्या जोरावर तो तरंगायचा. म्हणजे मी अंगठा फिरवते ती त्याच्या लहानपणापासूनची सगळी बिऱ्हाडं आहेत.

त्याला काही जाणवत असेल का हो? पाणी गार झालं, कोणीतरी मागे लागलंय, असं काही? शंख उरला, आतला जीव कसा होता ते दगडात बहुतेक उरत नाही. पण त्याचे आजचे जवळचे नातेवाईक म्हणजे ऑक्टोपस आणि माकुल म्हणजे स्क्विड, आणि ऑक्टोपसच्या अंगात ५० कोटींच्या आसपास चेतापेशी असतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त हातांत. ब्रिटनने तर २०२२ मध्ये कायदाच केला की ऑक्टोपस, माकुल, खेकडे यांना संवेदना असते असं धरून चालायचं. मुळात जाणीव ही चीज येते कुठून, पेशींच्या खटपटीतून 'मला असं वाटतंय' हे कसं उगवतं, याचं उत्तर कोणाकडे नाही. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये याला अवघड प्रश्न असं नाव दिलं आणि तो अजून तितकाच अवघड आहे. काही तत्त्वज्ञ म्हणतात जाणीव थोडी थोडी सगळ्यातच आहे, अगदी कणाकणात. हे ऐकून दचकायला हवं, पण आपण रेड्याने वेद म्हटल्याच्या आणि भिंत चालल्याच्या गोष्टी ऐकत वाढलोय, आळंदीला जाऊन ती भिंत बघूनही येतो, त्यामुळे मला काही फार धक्का बसला नाही.

हे सगळं मी एकदा सासूबाईंना सांगितलं, जरा घाबरतच, म्हटलं देवाला जीवाश्म म्हटलेलं आवडेल न आवडेल. त्यांनी वाती वळता वळता शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आत प्राण होता ना? मग शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही असं आमचे गुरुजी म्हणायचे, ते काय खोटं सांगायचे?"

यावर मी काय बोलणार. मी आपली टेथिस, भूखंड, चेतापेशी असा लांबचा वळसा घालून जिथे पोचले तिथे त्या आधीपासूनच बसलेल्या. अर्थात गुरुजींच्या मनात स्वयंभू विष्णू होता, माकुलाचा चुलत पणजोबा नव्हे, आणि हा फरक काही लहान नाही. पण पूजा करताना मला तो फरक आठवत नाही हेही खरं. तेवढी पाच-सात मिनिटं डोक्यात ईएमआय नसतो, मुलाच्या युनिट टेस्ट नसतात, नुसता अंगठ्याखाली तो कंगोरा असतो.

त्या संवादाचा परिणाम मात्र वेगळ्याच ठिकाणी झाला. आम्ही पडलो मासे खाणारे, आणि रविवारी कोळीण दारात आली तेव्हा सासूबाईंनी टोपलीतल्या माकुलांकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "नको गं, आजपासून हे बंद, घरातलेच आहेत." नवरा चिडला, त्याला माकुल सुकं फार आवडतं. सुरमईचं काय विचारलं तर म्हणाल्या तिला कणा असतो, तिचं नातं लांबचं, तेवढं चालतं. खेकड्यांचा विषय अजून निघालेला नाही आणि त्या ब्रिटिश कायद्यात ते पण आहेत हे मी घरात कोणाला सांगणार नाहीये.